जन्मनोंदी परस्परविरोधी असतील, तर नागरिकत्व न्यायालयात कसे सिद्ध होते?

एका माणसाच्या तीन जन्मतारखा असू शकतात काय? गोव्यातील जुन्या कुटुंबांना हा प्रश्न विनोदी वाटणार नाही. समजा, पोर्तुगीजकालीन जन्मनोंदीत १४ सप्टेंबर १९५८ ही तारीख आहे. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५९ आहे, कारण मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी वर्ष विचारले आणि महिना स्वतःच ठरवला. मतदार ओळखपत्रावर तर तारीखच नाही, केवळ वय आहे आणि तेही अंदाजे. नावाची गोष्ट आणखी निराळी. जन्मनोंदीत पोर्तुगीज वळणाचे नाव, शाळेत मराठी वळणाचे आणि आधारपत्रावर इंग्रजीतून पुन्हा देवनागरीत आलेले तिसरेच. चार दशके नोकरी झाली, निवृत्तिवेतन सुरू झाले, तोवर या विसंगतीची कोणाला अडचण झाली नाही. अडचण होते ती नागरिकत्वावर प्रश्न उपस्थित झाल्यावर. २०२५ च्या अखेरीस ज्या राज्यांत मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी हाती घेण्यात आली, त्यांत गोव्याचाही समावेश होता. त्यानंतर कपाटातील जुने कागद अनेक घरांत पुन्हा बाहेर आले.

अशा विसंगत कागदांकडे न्यायालय कसे पाहते आणि कोणती विसंगती खरोखर घातक असते, हे समजून घेतल्यास बरीचशी भीती कमी होईल. जेथे भीती रास्त आहे, तेथे वेळीच पावलेही उचलता येतील.

प्रथम प्रश्न कायद्याचा, मग तारखेचा

नागरिकत्वाचा वाद आला की लोक लगेच "खरी तारीख कोणती" या प्रश्नाला भिडतात. वस्तुतः त्याआधीचा प्रश्न असा की, ती व्यक्ती कायद्याच्या कोणत्या तरतुदीखाली नागरिक ठरते? तारीख या तरतुदींची सीमारेषा ओलांडत असेल तरच तिचे महत्त्व निर्णायक असते.

गोव्यासाठी पहिली सीमारेषा २० डिसेंबर १९६१ ही आहे. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेली व्यक्ती तत्कालीन भारतात जन्मली असे म्हणता येत नाही. म्हणून केंद्र सरकारने नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ७ खाली २८ मार्च १९६२ रोजी गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश काढला. ज्या व्यक्तीचा स्वतःचा, तिच्या आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात झाला असेल, ती व्यक्ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक झाली असे मानण्यात आले. अपवाद एकच होता. आदेश राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्याच्या आत ज्यांनी पूर्वीचे राष्ट्रीयत्व कायम ठेवण्याचे लेखी निवेदन दिले, ते या तरतुदीबाहेर राहिले.

मुक्तीनंतर जन्मलेल्यांना कलम ३ लागू होते. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती, काही मर्यादित अपवाद वगळता, केवळ जन्माने नागरिक ठरते. त्या तारखेपासून ३ डिसेंबर २००४ पूर्वीपर्यंत जन्मलेल्यांच्या बाबतीत आई किंवा वडील यांपैकी एक जण नागरिक असणे आवश्यक आहे. त्यानंतर जन्मलेल्यांचे आईवडील दोघेही नागरिक असावे लागतात, अथवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो.

आता आरंभीच्या उदाहरणाकडे वळू. १९५८ आणि १९५९ या दोन्ही तारखा मुक्तीपूर्वीच्या आहेत. दोहोंपैकी कोणतीही खरी मानली तरी ती व्यक्ती १९६२ च्या आदेशाखालीच येते. तेव्हा ही विसंगती नागरिकत्वाची नसून ओळखीची आहे. जन्मनोंदीतील मूल आणि समोर उभा असलेला वृद्ध ही एकच व्यक्ती आहे काय, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. याउलट एका दाखल्यावर मे १९८७ आणि दुसऱ्यावर ऑगस्ट १९८७ असेल, तर तीन महिन्यांचा तो फरक आईवडिलांच्या नागरिकत्वाचा पुरावा मागू शकतो.

जन्मस्थळाबाबतही असेच घडते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रिवाजामुळे पेडणे, डिचोली, सत्तरी येथील अनेक मुले सावंतवाडी, वेंगुर्ला किंवा बेळगाव भागात जन्मली, पण शाळेत जन्मगाव म्हणून वडिलांचे गाव लागले. समजा, १९५५ साली अशा एका मुलाचा जन्म झाला. तो सावंतवाडीत झाला असेल तर तो २६ जानेवारी १९५० नंतर भारतात जन्मलेला म्हणून जन्मानेच नागरिक. गोव्यात झाला असेल तर १९६२ च्या आदेशाने नागरिक. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. अशा प्रसंगी एका कागदाच्या खरेपणासाठी हट्टाने लढण्यापेक्षा, "दोन्हींपैकी कोणतीही नोंद खरी मानली तरी अर्जदार नागरिकच आहे" अशी पर्यायी मांडणी आरंभीच करणे शहाणपणाचे असते.

सिद्धतेचा भार कोणावर?

सामान्य दिवाणी दाव्यात जो दावा करतो त्याने तो सिद्ध करावयाचा असतो आणि सिद्धतेचे माप शक्यतेच्या पारड्याचे असते, म्हणजे ज्या बाजूची शक्यता अधिक ती बाजू ग्राह्य. विदेशी व्यक्तींविषयीच्या कायद्यात मात्र चित्र उलटे आहे. १९४६ च्या विदेशी व्यक्ती अधिनियमाच्या कलम ९ नुसार आपण विदेशी नाही हे त्या व्यक्तीनेच सिद्ध करावयाचे होते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या आप्रवास व विदेशी व्यक्ती कायद्यातही हेच तत्त्व कायम आहे.

या कठोर तरतुदीला सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२४ रोजी एक महत्त्वाची मर्यादा घातली. आसामातील नलबारी जिल्ह्यातील एका व्यक्तीला विदेशी न्यायाधिकरणाने विदेशी ठरवले होते. न्यायालयाने स्पष्ट केले की, भार व्यक्तीवर असला तरी तिला बोलावण्यापूर्वी प्रशासनाकडे संशयाला आधार देणारी काही ठोस सामग्री असली पाहिजे. नुसता आरोप पुरेसा नाही. नावांच्या वर्णलेखनात आणि तारखांत किरकोळ फरक असणे ही देशभर सर्रास आढळणारी गोष्ट आहे, तेवढ्यावरून कागद खोटे ठरवता येणार नाहीत, असेही न्यायालयाने म्हटले आणि त्या व्यक्तीला भारतीय नागरिक घोषित केले. हा निकाल आसामच्या विशेष व्यवस्थेतून आलेला असला, तरी विसंगत कागद कसे वाचावेत याविषयीचे त्याचे मार्गदर्शन सर्वत्र उपयोगी पडणारे आहे.

कोणत्या कागदाचे वजन किती?

सरकारी नोंदवहीतील मजकूर पुराव्यात ग्राह्य धरण्याची तरतूद पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २९ मध्ये आली आहे. लोकसेवकाने आपले कर्तव्य बजावताना केलेली नोंद ग्राह्य मानली जाते. पण ग्राह्य असणे आणि विश्वसनीय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि अनेक अर्जदारांची गल्लत नेमकी येथेच होते.

१९६५ साली ब्रिज मोहन सिंह यांच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गावच्या चौकीदाराच्या जन्मवहीतील नोंद आली. चौकीदार निरक्षर होता आणि नोंद दुसऱ्याच कोणी लिहिली होती. ज्याने कर्तव्य म्हणून नोंद करावयाची त्याने ती केलीच नसेल, तर तिच्यामागील विश्वासाचा पाया ढासळतो, असे न्यायालयाने मानले. शाळेत घालताना मुलाचे वय कमी सांगण्याची प्रवृत्तीही न्यायालयाने त्याच निकालात विचारात घेतली. १९८८ च्या बिरदमल सिंघवी खटल्यात पुढचे पाऊल पडले. शाळेच्या वहीतील जन्मतारखेला, ती तारीख कोणी सांगितली व कशाच्या आधारे सांगितली याचा पुरावा नसेल, तर फारसे मोल नाही, असे ठरले. २००९ साली सिडकोशी संबंधित एका नोकरीच्या प्रकरणात वैधानिक जन्म-मृत्यू नोंदवहीला शाळेच्या नोंदीपेक्षा वरचे स्थान देण्यात आले.

या निकालांतून साधारण क्रम दिसतो तो असा. जन्मानंतर लगेच, वैधानिक अधिकाऱ्याने, माहितगाराच्या सांगण्यावरून केलेली नोंद सर्वांत वजनदार. उशिरा केलेली जन्मनोंद तिच्याखाली. शाळेची नोंद त्याहून खाली, मात्र पहिलीत प्रवेश घेतानाची जुनी नोंद नंतरच्या दाखल्यापेक्षा बरी. वाद निर्माण झाल्यानंतर करून घेतलेली दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र सर्वांत दुबळे. ज्या काळी कोणाला कशाचीही चिंता नव्हती, त्या काळात लिहिले गेलेले कागद न्यायालयाला अधिक प्रामाणिक वाटतात.

आधारपत्र, पॅन आणि मतदार ओळखपत्र यांविषयी गैरसमज मोठा आहे. आधार कायद्यातच म्हटले आहे की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका जामीन अर्जावर निर्णय देताना, केवळ हे कागद जवळ असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे स्पष्ट केले. हे कागद ओळखीची साखळी जोडण्यास उपयोगी पडतात. नागरिकत्वाचा पाया त्यांच्यावर उभा राहत नाही.

गोव्याच्या नोंदींचे खास गुंतागुंतीचे धागे

गोव्यात पोर्तुगीज नागरी नोंदणी १९१४ च्या सुमारास सुरू झाली. त्याआधी ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या होत्या. या नोंदी हे गोमंतकीयांचे मोठे भाग्य आहे, कारण देशाच्या अनेक भागांत त्या काळचे काहीच लेखी उपलब्ध नाही. परंतु त्या वाचताना भाषेचा अडसर येतो.

पोर्तुगीज लेखनात 'श' या उच्चारासाठी 'एक्स' हे अक्षर वापरले जाते. त्यामुळे शंकर, विष्णू, शेट ही नावे इंग्रजी वाचणाऱ्या लिपिकाला ओळखूच येत नाहीत. प्रभूंचे 'पोरोबो', कामतांचे 'कामोतीं', केणींचे 'केनीं', शेणव्यांचे 'सिनाय' झाले. काही नोंदींत बाळाचे केवळ पहिले नाव असते आणि आडनाव आईवडिलांच्या नावांवरून जुळवावे लागते. न्यायालयात हा फरक 'चूक' म्हणून मांडू नये. ही एकाच नावाची दोन भाषांतील रूपे आहेत, हे अधिकृत भाषांतरकाराच्या भाषांतराने व आवश्यक तर त्याच्या साक्षीने दाखवावे.

दुसरा धागा स्त्रियांच्या नावांचा. लग्नात सुनेचे पहिले नावही बदलण्याची प्रथा हिंदू कुटुंबांत होती. जन्मनोंदीत असलेले माहेरचे नाव आणि पुढील सर्व कागदांवरील सासरचे नाव यांत एकही अक्षर सारखे नसते. आजीच्या जन्मावर नातवाचे नागरिकत्व अवलंबून असेल तर हा दुवा कळीचा ठरतो. येथे गोव्याच्या समान नागरी कायद्याची व्यवस्था मदतीला येते. विवाहाची नागरी नोंदणी सर्व धर्मीयांना लागू असल्याने विवाहनोंदीत वधूचे माहेरचे नाव, तिचे आईवडील व पतीचे नाव एकत्र सापडतात. माहेर आणि सासर यांमधील तो पूल आहे. ही नोंद मिळाली तर निम्मे काम झाले असे समजावे.

तिसरा धागा वंशावळीचा. येथे गोव्यातील जुन्या संस्थांच्या वह्या उपयोगी पडतात. कोमुनिदादीच्या गांवकारांच्या व झोण घेणाऱ्यांच्या याद्या, देवस्थानांच्या महाजनांच्या नोंदी, वारसाहक्काची दस्तनोंदणी, इन्व्हेंतार प्रकरणांतील वारसांची यादी, जमिनीच्या मात्रीजमधील नावे हे सर्व कागद नागरिकत्वासाठी तयार झाले नव्हते, आणि म्हणूनच त्यांची साक्ष निःस्वार्थ असते. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरील सही व लेखन खरे मानण्याची मुभा न्यायालयाला असते. वंशावळीविषयी दिवंगत नातलगांनी वाद उद्भवण्यापूर्वी केलेली विधानेही विशिष्ट अटींवर ग्राह्य धरली जातात. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली. त्या काळच्या मतदारयादीत आईवडिलांची नावे सापडली, तर तीही साखळीतील एक कडी ठरते.

जेथे न्यायालयाचे दार बंद असते

गोव्यात आणखी एक प्रश्न वारंवार उद्भवतो. पोर्तुगालच्या कायद्यानुसार १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनच्या मध्यवर्ती निबंधक कार्यालयात जन्म नोंदवता येतो. त्यासाठी गोव्यातील जुन्या नोंदीचा उतारा लागतो, आणि तेथील कागदांशी जुळावे म्हणून कित्येकांनी येथील नोंदीत दुरुस्त्या करून घेतल्या आहेत. पुढे भारतीय नागरिकत्वावर प्रश्न आला की त्या दुरुस्त्याच संशयाचे कारण होतात.

येथे एक मूलभूत भेद लक्षात ठेवावा. "मी जन्माने किंवा १९६२ च्या आदेशाने नागरिक झालो काय?" हा प्रश्न न्यायालय तपासू शकते. "मी नंतर परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेऊन भारतीय नागरिकत्व गमावले काय?" हा प्रश्न मात्र कलम ९(२) नुसार केंद्र सरकारनेच ठरवावयाचा आहे. दिवाणी न्यायालय तो परस्पर ठरवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या भगवती प्रसाद दीक्षित खटल्यातही सांगितले. परदेशी पारपत्र घेतल्यास ते स्वेच्छेने नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा मानण्याचा नियम १९६२ च्या इझहार अहमद खान खटल्यात बहुमताने वैध ठरला आहे. निर्णायक पुरावा याचा अर्थ असा की, त्यानंतर उलट पुरावा ऐकून घेतला जात नाही. सरकारच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. पण तेथे निर्णयप्रक्रिया न्याय्य होती काय, हे प्रामुख्याने तपासले जाते. जन्मतारखेसारख्या वादग्रस्त वस्तुस्थितीची साक्षीपुराव्यासह चौकशी रिट याचिकेत सहसा होत नाही.

नागरिकत्व केवळ जन्मावर ठरत नाही, याचे गोव्यातील सर्वांत बोलके उदाहरण १९६९ च्या फादर मोंतेरो खटल्यात आहे. त्यांनी १९६२ च्या मुदतीत पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायम ठेवण्याचे निवेदन दिले होते. वास्तव्याचा परवाना संपल्यानंतरही ते गोव्यात राहिले म्हणून त्यांच्यावर खटला झाला. आंतरराष्ट्रीय जिनिव्हा करारांचा आधार घेण्याचा त्यांचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. त्यांचा जन्म कोठे झाला हा मुद्दाच तेथे उरला नव्हता. एका महिन्याच्या मुदतीत दिलेल्या एका निवेदनाने सारे ठरवले होते.

काय करावे, कोणत्या क्रमाने?

सर्वप्रथम मूळ नोंदीच्या पूर्ण मजकुराचा प्रमाणित उतारा नागरी निबंधकाकडून घ्यावा. छापील संक्षिप्त दाखल्यावर समाधान मानू नये, कारण समासातील शेरे, दुरुस्त्या आणि माहिती देणाऱ्याचे नाव पूर्ण उताऱ्यातच दिसते. नोंद फार जुनी असेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यातही शोध घ्यावा.

त्यानंतर सर्व कागदांचा एक तक्ता करावा: कागद कोणत्या वर्षाचा, त्यात नाव, तारीख, स्थळ व आईवडील कसे लिहिले आहेत, आणि माहिती कोणी दिली. कोणती विसंगती कायद्याची सीमारेषा ओलांडते आणि कोणती केवळ ओळखीची आहे, हे या तक्त्यातूनच उमगते.

खरी चूक असेल तर ती वाद उद्भवण्यापूर्वी दुरुस्त करावी. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ नुसार निबंधक मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती करतो व त्यावर सही-तारीख घालतो. एकाच जन्माची दोन गावांत नोंद झाली असेल, तर अयोग्य नोंद रद्द करण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. नोंदच नसेल आणि एक वर्ष उलटून गेले असेल, तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशाने विलंबित नोंदणी होते. मात्र दुरुस्ती करताना सोयीची तारीख निवडण्याचा मोह टाळावा. जुने कागद नष्ट होत नसतात, आणि उद्या दोन्ही कागद एकाच टेबलावर आले की खऱ्या नोंदीवरचाही विश्वास उडतो.

नोटीस आलीच तर गैरहजर राहू नये. सिद्धतेचा भार व्यक्तीवर असलेल्या प्रक्रियेत गैरहजेरी म्हणजे हार. संशयाचा आधार काय, याची प्रत लेखी मागावी. उत्तरात विसंगती लपवू नये. ती आपणच पहिल्यांदा सांगून तिचे कारण द्यावे. शिक्षकाने घातलेला १ जून, पोर्तुगीज 'एक्स', लग्नात बदललेले नाव ही कारणे न्यायाधीशांना अपरिचित नसतात. न सांगितलेली विसंगती विरुद्ध बाजूने उघड केली, की तीच लबाडी दिसू लागते.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९८७ नंतर जन्मलेल्यांचे नागरिकत्व आईवडिलांच्या नागरिकत्वावर टेकलेले आहे. आज सत्तरी ओलांडलेल्या आजीच्या कागदांत जी गाठ सुटायची राहिली, ती उद्या नातवंडांना सोडवावी लागेल, आणि त्या वेळी तिच्या लग्नात कोणते नाव बदलले, तिचे बाळंतपण कोणत्या गावी झाले, हे सांगणारे कोणी नसेल. ती आहे तोवर विवाहनोंदीचा उतारा काढून घ्यावा आणि तिला हे सारे विचारून लिहून ठेवावे.